शिवड्याच्या पोटातली पिवळी वायर

"तो नको! तो गळ मागुराचा! शिवड्यानं एकदा मान झटकली ना, की खिळ्यासारखा सरळ होईल तो!"

सुकऱ्या आजाने जयवंतीच्या बोटांतून बारका गळ काढून घेतला आणि डब्यातला सगळ्यात जाड गळ तिच्या तळहातावर ठेवला. करंगळीएवढा वाकलेला, टोकाला उलटा काटा असलेला.

"बापरे! हा मासा धरायचा की म्हैस?" सुदर्शन ओरडला.

"शिवडा म्हशीहून वंगाळ," आजा म्हणाला. "म्हैस चावत तरी नाय!"

काशी खो-खो हसली. दिवाळीची सुट्टी लागून दोनच दिवस झाले होते. तेरा वर्षांची जयवंती आश्रमशाळेतून पोशेऱ्याच्या पाड्यावर घरी आली होती, आणि तिची दहा वर्षांची बहीण काशी तिला क्षणभरही सोडत नव्हती. सुदर्शन जव्हारचा. त्याचे वडील जयवंतीच्याच शाळेत शिक्षक होते, आणि धरणापलीकडे त्याच्या आजोबांचं भातशेत होतं. दर सुट्टीत या तिघांचा मुक्काम धरणाच्या काठावर!

पाड्याखालचं ते धरण तसं लहानच. आजा तिथे तरंगते गळ लावायचा. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीला पाच हात नायलॉनची दोरी, दोरीला वजनासाठी खडा, टोकाला गळ. संध्याकाळी बाटल्या पाण्यात सोडायच्या, सकाळी उचलायच्या. मासा लागला की बाटली पाण्यावर नाचायला लागते.

"आता आमिष," आजाने पळसाच्या पानांवर तीन ढिगुल्या मांडल्या. गांडुळं, नाचणीच्या पिठाचे गोळे आणि दिवसभर उन्हात ठेवलेली कोंबडीची आतडी. "शिवड्याला काय देशील?"

"आतडी! मागुराला गांडूळ. पिठाचा गोळा दोघांनाही नको," जयवंती झटकन म्हणाली.

"ईऽऽ! काय वास आहे!" सुदर्शनने नाक धरलं.

"तुला वास येतो, त्याला जेवण दिसतं," आजा म्हणाला, आणि बारा बाटल्या पाण्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र नवलच झालं. काठाजवळच्या नऊ बाटल्या ओढून पाहिल्या, तर आमिष जसंच्या तसं! एकालाही कोणी तोंड लावलं नव्हतं.

"सलग चार दिवस हेच चाललंय," आजा डोकं खाजवत म्हणाला. "मासे उपास धरतात की काय!"

तेवढ्यात काशी किंचाळली, "ताई, ती बघ! दहावी!"

दहावी बाटली पाण्यात गडप झाली, दहा हातांवर उसळून वर आली आणि पुन्हा गडप! जयवंती कमरेएवढ्या पाण्यात धावली आणि तिने दोरी पकडली. पुढच्याच क्षणी तिला पाण्याखालून असा हिसका बसला की ती तोंडावर आपटली! दोरी तळहातात रुतली, कातडी फाटली.

"सोडू नको! मनगटाला गुंडाळू पण नको, हात तुटेल!" आजा ओरडला.

सुदर्शनने तिला मागून धरलं, काशीने सुदर्शनला. लांबलचक मिशांचं, बिनखवल्यांचं चपटं डोकं पाण्याबाहेर आलं. जबडा उघडला, तेव्हा करवतीसारखे दात चमकले. चिखलात आल्यावरही तो शिवडा शेपटीचे फटके मारत होता. त्याने दातांनी सुदर्शनची पोटरी रक्तबंबाळ केली. आजाने लाकडी दांडा त्याच्या डोक्यात घातला. एकदा, दोनदा, तीनदा. मग सगळं शांत झालं.

"सहा किलो तरी असेल!" सुदर्शन कण्हत म्हणाला. पाय धरून बसला असला तरी त्याचे डोळे चमकत होते.

आजाने कोयत्याने शिवड्याचं पोट चिरलं, आणि त्याचा हात थबकला. पोट बारक्या माशांनी ठासून भरलं होतं. त्यांतल्या एकाचाही कणा धड नव्हता. पोटं फुटलेली, डोळे बाहेर आलेले. आणि त्या लगद्यात वीतभर लांब काहीतरी पिवळंधमक!

"वायर?" जयवंतीने ती उचलली. "माशाच्या पोटात वायर?"

सुदर्शनने ती निरखून पाहिली, तसा त्याचा चेहरा उतरला. "ही मी पाहिलीय. घाटात रस्त्याचं काम चाललंय ना, तिथे खडकांत सुरुंग लावतात. त्याचे असे पिवळे तुकडे सगळीकडे पडलेले असतात!"

"म्हणजे कोणीतरी धरणात सुरुंग उडवतंय?" जयवंती म्हणाली. "म्हणूनच तर! मेलेले मासे तळाला आयते मिळत असतील, तर शिवडे आपली आतडी कशाला खातील? हाच एक हावरट निघाला!"

"चार दिवस ते धप धप आवाज येतात," काशी म्हणाली. "मला वाटलं फटाके!"

आजाने कोयता खाली ठेवला. "उरलेल्या दोन बाटल्या ओहळाच्या तोंडाशी हायेत. त्या काढून आणतो, मंग बघू," म्हणत तो ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसला आणि हातांनी पाणी मारत निघाला.

तो ओहळाच्या तोंडाशी पोहोचला असेल-नसेल...

धप्प!

आवाज कानांत नाही, पायांखालच्या जमिनीत घुसला. पाण्याचा पांढरा खांब आभाळात उठला आणि ट्यूब पालथी होऊन उडाली. आजा कुठेच दिसेना!

"आजाऽऽ!"

जयवंतीने पाण्यात उडी घेतली. ती कशी पोहली, हे तिला नंतर कधीच आठवलं नाही. आजूबाजूला पांढरी पोटं वर करून मासे तरंगायला लागले होते. त्यांच्यामधून तिने आजाचा सदरा पकडला. सुदर्शनही पोहत आला आणि दोघांनी त्याला काठावर ओढलं. आजाच्या उजव्या कानातून रक्ताची धार लागली होती. डोळे उघडे होते, पण काशीच्या हाका त्याला ऐकू येत नव्हत्या.

करवंदीच्या जाळीआडून दोन माणसं बाहेर आली. पुढे बाबल्या, घाटातल्या कामावर सुरुंग भरणारा. मागे खांद्यावर फुगवलेली ट्यूब आणि हातात जाळं घेतलेला त्याचा जोडीदार माघ्या.

"म्हातारा मधेच कुठून कडमडला!" बाबल्या म्हणाला. आजाकडे न पाहता तो माशांकडे पाहत होता.

"तुम्ही माझ्या आजाला मारलंत!" जयवंती त्याच्यावर धावून गेली.

बाबल्याने तिची वेणी पकडून तिला गुडघ्यांवर पाडलं आणि खाडकन थोबाडीत मारली. तिच्या तोंडात रक्ताची खारट चव आली. सुदर्शन मध्ये पडला, तर माघ्याने त्याच्या जखमी पायावरच लाथ घातली. मग बाबल्याने कोयत्याने त्यांच्या दहाही बाटल्या सपासप चिरून टाकल्या आणि वाकून हळूच म्हणाला, "दिवाळीत धरणात पोरं बुडतात, पोरी. लोकांना त्याचं नवल वाटत नाय. समजलं?"

दुपारी आई-बाबा आजाला जीपमधून जव्हारच्या दवाखान्यात घेऊन गेले. मुलांना शेजारच्या कोंडी काकीकडे ठेवलं. बाबल्याची धमकी जयवंतीने आपल्यापाशी ठेवली नाही. सुदर्शन आणि काशीला घेऊन ती तडक पोलीस पाटलांकडे गेली आणि वायर त्यांच्यापुढे धरली.

"दिवाळी हाय, कोणी फटाका टाकला असेल," पाटील सुपारी कातरत म्हणाले. "वायर काय, कुठंही पडलेली असते. आणि सुकऱ्यानं घोटभर घेतली नसेल कशावरून?"

"आजा पीत नाही!"

"बरं, बरं. पोरांनी मोठ्यांच्या भानगडीत पडू नये. जा घरी!"

बाहेर आल्यावर सुदर्शनने रागाने दगडाला लाथ मारली आणि पाय धरून उड्या मारू लागला. "आता? उद्या ते पुन्हा येणार. काठावर बायका धुणं धुतात, लहान पोरं डुंबतात!"

जयवंती सुजलेला गाल चोळत विचार करत होती. "बाबल्या पाण्यात कशावर बसून जातो?"

"ट्यूबवर. आजासारखाच."

"मग त्याच्यासाठी गळ लावायचा!"

तिघे तडक आजाच्या डब्याकडे धावले. सुदर्शनने मूठभर बारके गळ उचलले. जयवंतीने अंगणातली सायकलची जुनी ट्यूब ताणून धरली. "टोच बघू."

बारका गळ रबरावरून घसरला. दुसरा वाकला. शिवड्याचा जाड गळ मात्र कचकन आत घुसला, आणि उलट्या काट्यामुळे बाहेर निघेना! असे अकरा गळ डब्यात निघाले.

"आणि आमिष?" काशीने विचारलं. "बाबल्या आतडी खाणारे?"

"बाबल्याचं आमिष मासे!" जयवंती म्हणाली. "जिथे पाणी खदखदताना दिसेल, तिथेच तो जाणार. आणि माशांचं आमिष भाताचा कोंडा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी, ओहळाच्या चिंचोळ्या तोंडावर त्यांनी या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणली. दोरीला नव्या बाटल्या बांधल्या आणि त्यांत निम्म्याहून जास्त पाणी भरलं, म्हणजे त्या जेमतेम तरंगतील आणि लांबून दिसणार नाहीत. अकरा गळ पाण्याच्या पृष्ठभागाखाली वीतभरावर, टोकं वर करून बांधले. पलीकडे ओहळात कोंड्याचे गोळे टाकले. थोड्याच वेळात तिथलं पाणी माशांनी उकळू लागलं.

"काशी, वरच्या शेतात कोंडी काकी आणि बायका भात कापतायत. ट्यूब पाण्यात उतरली की तू धावत जा. म्हणावं, जयवंतीला मारतायत! सगळ्या येतील."

"पण तुला कुठे कोण मारतंय?"

"तू जा गं! तोवर मारतील!"

जाळीत लपून ते वाट पाहू लागले. ऊन कललं तेव्हा बाबल्या आणि माघ्या आले. खदखदणारं पाणी पाहून बाबल्याचे डोळेच विस्फारले. "आयला, आज तर जत्रा भरलीय!"

काशी सशासारखी पळाली.

बाबल्या सुरुंगाच्या कांड्यांचं पुडकं घेऊन ट्यूबवर बसला. पुडक्याची पिवळी वायर त्याच्यामागे उलगडत गेली. काठावर माघ्या बॅटरी घेऊन बसला. "मी परत येऊन हात वर केला, की वायर जोड," बाबल्याने त्याला बजावलं.

ट्यूब दोरीपाशी पोहोचली. फस्सऽऽ! बाबल्याने खाली पाहिलं. फस्स! फस्स! ट्यूब एका बाजूला कलंडली आणि तो धाडकन पाण्यात पडला. सुटण्यासाठी त्याने हात मारले, तसा एक गळ त्याच्या तळहातातून आरपार गेला, दुसरा दंडात रुतला. पाणी लाल झालं. पुडकं त्याच्या शेजारीच तरंगत होतं.

"फसला! फसला!" सुदर्शन हळू आवाजात आनंदाने म्हणाला.

पण जयवंतीची नजर बाबल्याच्या हाताकडे गेली. बाबल्या ओरडत होता, आणि ओरडताना त्याने मोकळा हात उंच केला होता! माघ्याच्या डोळ्यांवर सूर्य येत होता. त्याला फक्त वर झालेला हात दिसला. त्याने वायरची टोकं उचलली.

"नको! थांबा! तो पाण्यात आहे!"

माघ्याने मान वळवली, पण हात थांबले नव्हते. जयवंती जाळीतून बाणासारखी सुटली. काट्यांनी तिचा चेहरा ओरबाडला. तिने माघ्याच्या मनगटावर झेप घेतली आणि दात रोवले, रक्त येईपर्यंत! माघ्याने तिला लाथ मारली. तिच्या बरगड्यांत कळ उठली, पण दात सुटले नाहीत. सुदर्शनने बॅटरी उचलली आणि सगळा जोर लावून पाण्यात भिरकावली.

"अरे, आंधळ्या! मी मेलो असतो!" पाण्यातून बाबल्या रडत होता.

वरून कालवा उठला. कोंडी काकी आणि दहा-बारा बायका हातात विळे घेऊन उतार उतरत होत्या. त्यांच्यामागे ओरडा ऐकून धापा टाकत आलेले पोलीस पाटील! माघ्याने विळे पाहिले आणि गपकन खाली बसला.

बाबल्याला दोरीसकट ओढून काढलं. त्याच्या तळहातातला गळ कोणाला काढता येईना. ओढला की उलटा काटा मांस फाडी, आणि तो गुरासारखा हंबरे.

"सरका," जयवंती म्हणाली. कालच याच हाताने तिला मारलं होतं. क्षणभर तिला वाटलं, ओढावा तसाच! मग तिने सोबत आणलेल्या आजाच्या डब्यातून पक्कड काढली, पुढे आलेला काटा कटकन तोडला आणि गळ अलगद मागे काढला.

बाबल्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मान खाली घालून तो नुसता हुंदके देत राहिला.

मोखाड्याहून पोलीस आले. पुडकं आणि बाबल्याच्या झोपडीतली कांड्यांची पेटी त्यांनी जप्त केली, दोघांना नेलं. साहेबांनी सुदर्शनची पाठ थोपटली आणि तिघांनाही सांगितलं, "शाब्बास! पण पुन्हा असं काही दिसलं, तर लांबून पळायचं आणि आधी आम्हाला फोन करायचा. कळलं?"

चौथ्या दिवशी आजा घरी आला. उजव्या कानात कापूस होता. तो कान आता कायमचा गेला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. जयवंती त्याच्या कुशीत शिरून रडली. त्याने तिच्या गालावरचे ओरखडे पाहिले, बरगड्या चाचपल्या, आधी चांगला रागावला आणि मग विचारलं, "सायकलच्या ट्यूबवर गळ टोचून बघायचं कोणाच्या डोक्यात आलं?"

"माझ्या."

"मला नसतं सुचलं," आजा म्हणाला.

संध्याकाळी अख्खा पाडा अंगणात जमला. पोलीस पाटील आजाच्या डाव्या बाजूला येऊन बसले आणि घसा खाकरून पुटपुटले, "सुकऱ्या, पोरांनी मोठं काम केलं. माझंच चुकलं."

"काय?" आजा म्हणाला. "ऐकायला येत नाय! मोठ्यानं बोला!"

"पोरं शूर हायेत! चूक माझी!"

"अजून मोठ्यानं!"

पाटील उभे राहिले, टोपी काढली आणि सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असे ओरडले, "या पोरांनी आपल्याला वाचवलं! मी त्यांचं ऐकलं नाय, चूक माझी झाली!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जयवंती मात्र आजाकडे बघत राहिली. त्याचा डावा कान तर चांगला शाबूत होता!

आजाने तिला हळूच डोळा मारला.