दुपारच्या फेऱ्या

दुपारी नाट्यगृहात चिटपाखरूही नसतं, हे हेरूनच ती रंगमंचावर जाऊन उताणी पडली होती. कपडेपटातली शिवणकाम करणारी मुलगी. फ्लूने तिला पार पिळून काढलं होतं. ताप गेला, खोकला गेला, पण कंबरेतलं दुखणं मात्र मुक्काम ठोकून बसलं होतं. कापडावर वाकून कात्री चालवायची आणि सरळ होताना डोळ्यांत टचकन पाणी यायचं. या थंडगार, सपाट फळ्यांवर तेवढाच दिलासा…

तोच वरून प्रकाशाचा झोत थेट तिच्या तोंडावर पडला.

"अगं बाई!"

"अहो… जिवंत आहात ना?" वरून एक घाबरा आवाज आला.

"आहे! आधी तो दिवा बंद करा!"

झोत विझला नाही, नुसता मवाळ झाला. लोखंडी शिडीवर धाडधाड पावलं वाजली आणि विस्कटलेल्या केसांचा एक उंच तरुण धापा टाकत समोर आला. इथला लाइटवाला फ्लूने आडवा झाला होता. त्याच्या जागी हा बदली आलेला.

"कंबर ना?" तिचा कंबरेशी गेलेला हात बघून तो म्हणाला. "आधी कुशीवर वळा. हात देऊ?"

"नको."

ती वळली, अर्धी उठली आणि तिथेच अडकली. "बरं… द्या."

त्याचा हात उबदार होता. ती उभी राहिल्यावरही तो हात सुटायला जरा वेळच लागला.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"अंगात ताकद भरायला वेळ लागेल म्हणतात. पडून राहू नका, रोज थोडं चाला."

"आणि तुम्ही पडून राहता!"

"एकटीने कुठे चालायचं?" ती पटकन बोलून गेली, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कपडेपटाच्या दाराशी हजर. "चला, फेऱ्या मारू." कपडेपट सांभाळणाऱ्या मावशींनी चष्म्यावरून त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि तिच्या हातातली कात्री काढून घेतली. "जा गं. कापड काही पळून जात नाही."

रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमधून ते चालायचे. तो उंच, ढांगा टाकणारा. पण तिच्यासाठी गोगलगाय व्हायचा. ती थांबली की काही न विचारता थांबायचा आणि छताकडे बघत कुठल्यातरी दिव्याबद्दल बडबडत राहायचा, जणू थांबायचं त्यालाच होतं. एकदा तिने त्याला मनातलं सांगून टाकलं. "तापात दादा-वहिनींनी रात्री जागून काढल्या. आता त्यांच्यापुढे कंबरेचं रडगाणं कुठे गाऊ? ताप उतरला की सहानुभूतीही उतरते हो. भीती वाटते… हे असंच राहिलं तर? मला दुसरं काय येतं?"

तो हळूच म्हणाला, "काल तुम्ही चार वेळा थांबलात. आज एकदाच. मी बघतोय ना."

कोणीतरी बघतंय… त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी गाढ झोपली.

नव्या नाटकाचे कपडे वेळेत झाले. कंबरही हळूहळू ताळ्यावर आली. एका सकाळी कापडाचा तागा उचलून फळीवर ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की अरेच्चा, काहीच दुखलं नाही! दुपारी तो आला, तेव्हा मात्र तिने निमूटपणे कंबरेवर हात ठेवला. "आज जरा सावकाश हं…" मावशी तोंडात पदर धरून हसत होत्या.

मग कळलं, जुना लाइटवाला बरा होऊन परत येतोय. बदलीवाल्याचा तो शेवटचा दिवस होता.

त्या दुपारीही दोघं फेऱ्या मारायला निघाली. शेवटच्या रांगेपाशी ती थांबली.

"एक सांगू? माझी कंबर… कधीचीच बरी झालीय."

"ठाऊक आहे."

"काय?"

"परवा शिडीवर चढून पडदा टाचत होतात. गुणगुणत होतात वर."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर फेऱ्या थांबल्या असत्या," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याने नजर खाली वळवली. "पलीकडच्या रस्त्यावरच्या नाट्यगृहात मला काम मिळालंय. संध्याकाळचं. दुपारी मी मोकळाच असतो… म्हणजे, तुम्हाला चालणार असेल तर."

अंथरुणावर तळमळत तिने या आजाराला किती शिव्याशाप दिले होते! आणि आता वाटत होतं, कुणाकुणाचे आभार मानावेत? तापाचे, रंगमंचाच्या त्या फळ्यांचे, की आपल्या पावलाशी पाऊल जुळवणाऱ्या या वेड्या माणसाचे?

"तुम्ही नसता तर मी…" तिने नुसता हात पुढे केला. त्याने तो धरला, आणि या वेळी सोडायची घाई कुणालाच नव्हती.

बाहेरून मावशींनी हाक मारली, तशी ती दाराकडे वळली. मग मागे बघून, लाजत, पण ठामपणे म्हणाली—

"उद्या लवकर ये."