परसराम काकांची हजेरी

त्या दुपारी बोटीवर माणसं तीन होती. लाईफ जॅकेट वीस. पेट्रोलचा डबा एक, अर्धा भरलेला. एक बांबू, एक नांगर, पान्यांची एक पिशवी आणि माझी वही. याशिवाय काहीही नव्हतं.

हे आधी लिहिते, कारण पुढचं सगळं या मोजणीवर उभं आहे. ऐकीव गोष्ट नाही. त्या वहीतले आकडे माझ्या हातचे आहेत आणि वही अजून माझ्याकडे आहे.

२२ जून २०२४, शनिवार. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या धरणाचा फुगवटा जिथे पसरलाय, तिथला एक काठ. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं हे वाचतात.

मी रुचिता, मोहाडीची. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलंय. त्या गावच्या मच्छीमार संस्थेने एक पॉन्टून बोट आणली होती. खाली लोखंडी पत्र्याचे दोन लांब, बंद, पोकळ नळे, वर सपाट फळी आणि मागे इंजिन. शाळा सुरू झाली की पलीकडची चौदा मुलं याच बोटीने यायची होती. रस्त्याने गेलं तर एकोणीस किलोमीटरचा फेरा. एवढं लांब कोण पाठवणार? त्यातल्या निम्म्या पोरींची शाळा सुटली असती.

बोटीच्या चाचण्या माझ्याकडे होत्या. मी वहीत सही केली तरच मुलं बसणार.

शाळेला नऊ दिवस उरले होते. आणि बोट घसरत होती.

म्हणजे काय, ते सांगते. पाण्यातला पंखा स्क्रूसारखा पुढे जातो. आमच्या पंख्याच्या हिशेबाने कागदावर वेग यायला हवा ताशी साडेतेहेतीस किलोमीटर. पण पाणी म्हणजे लाकूड नव्हे. पंखा थोडा घसरतोच. पहिल्या आठवड्यात खरा वेग चोवीस यायचा. घसरण अठ्ठावीस टक्के. ठीक.

बुधवारी संध्याकाळपासून तोच वेग वीसवर आला. घसरण चाळीस टक्के.

इंजिन तेवढंच ओरडत होतं. पण बोट जड पावलांनी चालत होती.

माझा संशय सेवकरामवर होता. तो तुमसरचा इंजिन मेकॅनिक. मंगळवारी त्याने ग्रीस भरायला पंखा खोलला होता. पंख्याच्या आत एक रबरी बुश असतो. तो झिजला की इंजिन फिरतं, पंखा मागे राहतो. याने चांगला बुश काढून जुना घातला असेल, असं मला वाटलं. मी तसं तोंडावर म्हटलंही.

"मॅडम, चोर समजून राहिल्या का मले?" तो हसत म्हणाला, पण डोळे हसत नव्हते. "खोला. तुमीच खोला. कागदावर तं तुमी बोट उडवता, जरा पाना धरून पाहा."

मी खोललं नाही. मागून दिसणारी बुशची कड आणि पंखा, दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. बुश घसरला तर रेघ तुटणार. एक फेरी मारून पाहिलं.

रेघ सरळ होती.

पंख्यात जलपर्णी अडकलेली नव्हती. जाळ्याचा धागाही नव्हता. इंजिन एक भोक खाली घेतलं, म्हणजे पंखा हवा ओढणार नाही. वेग वीसच.

"आता?" सेवकराम म्हणाला.

"नळ्यात पाणी शिरलं असेल. वजन वाढलं की घसरण वाढते."

नळ्याच्या बाहेरच्या बाजूला मी पहिल्याच दिवशी सेंटीमीटरची पट्टी रंगवली होती. बोट किती बुडाली ते त्यावर कळतं. रिकामी बोट एकोणीसवर तरंगते. या बोटीला एक सेंटीमीटर म्हणजे साधारण सदुसष्ट किलो.

म्हणजे एक माणूस.

आम्ही तिघंही धक्क्यावर उतरलो. बोट पूर्ण रिकामी. लाटा बसेपर्यंत थांबले आणि पट्टी वाचली...

सव्वीस.

पुन्हा वाचली. सव्वीस.

सेवकरामने दोन्ही नळ्यांची बुचं उघडली. आत बांबूला कापड बांधून फिरवलं. कापड कोरडं आलं. दुसऱ्या नळ्यातूनही कोरडंच.

त्याने कापड पिळून पाहिलं. थेंब नाही.

"सात," धक्क्यावर उकिडवे बसलेले परसराम काका म्हणाले.

काका बोट चालवतात. साठी ओलांडलेली, जन्म पाण्यावर गेलेला. वजाबाकी मी अजून मोठ्याने केली नव्हती.

"काय सात, काका?"

"बुधवारी तू काय बोलली होती, याद हाय का बेटा?"

मला आठवलं.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणात बुडालेलं जुनं गाव थोडं वर येतं. गुरं जमायची त्या आखरावरचा दगडी ओटा दिसू लागतो. पुनर्वसनातली माणसं वर्षातून एकदा तिथे नैवेद्य ठेवायला जातात. बुधवारी आम्ही बारा जणांना घेऊन गेलो होतो. परतताना काका एकेकाचं नाव घेऊन बसवत होते. "कौशल्याबाई, ये. निकेश, ये." एक बसला की मग दुसरं नाव. आभाळ भरून आलेलं. मला घाई झाली. मी एस.टी.च्या कंडक्टरसारखी ओरडले होते...

"चला, चला! सगळ्यांनी बसा! कोणी राहू नका!"

काकांनी तेव्हा माझ्याकडे असं पाहिलं होतं, की जणू मी कोणाच्या तरी अंगावर पाय दिलाय.

"जुन्या गावात सगळ्यायले बलावत नसतात," काका आता म्हणाले. "नाव घेऊन बसवाचं, नाव घेऊन उतरवाचं. बारा जणायले मी नावानं उतरवलं. बाकीच्यायले कोणी उतरा म्हटलंच नाई. बसून हायेत बिचारे."

"काहून घाबरवता काका पोरीले!" सेवकराम म्हणाला. पण बोलताना तो बोटीपासून दोन पावलं मागे सरकला होता.

मला राग आला. दोघे मिळून काहीतरी लपवताहेत, हा संशय अजून गेला नव्हता. मी म्हटलं, "ठीक. चला ओट्यावर. मी पट्टी वाचते."

तोंडातून 'चला' गेलं आणि काकांनी डोळे मिटले.

साडेचारला निघालो. तिघं बसल्यावर पट्टी एकोणतीस. वारा नव्हता. पाणी ताटासारखं सपाट. बुडालेल्या झाडांच्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते.

वाटेत सेवकराम माझ्याजवळ सरकला. हळूच म्हणाला, "काकाची बायको, तुळसाबाई, जुन्या गावातच गेली. गाव उठाच्या आधल्या वर्षी. तिले तिथल्याच घाटावर जाळलं. तवापासून एकटा रायते बुढा. तुमी काई बोलू नका त्याले."

ओट्याजवळ इंजिन बंद केलं. काकांनी बोट दगडाला लावली. मी फळीवर पालथी पडून पट्टीवर नजर लावली. सेवकरामला सांगितलं, जागेवरून हलू नको.

काका उभे राहिले. हातात काही नाही. ना उदबत्ती, ना लिंबू. शाळेत हजेरी घेतात तसे ते बोलले.

"गोमाजी, उतर बाबा."

काहीच झालं नाही.

मग... नळा दगडाला हलकेच लागला. टक्.

कोणी धक्क्यावर पाय टाकून उतरलं की बोट जशी एकदा झुलते, तशी झुलली.

पट्टी अठ्ठावीस.

"पुष्पाबाई, उतर. सांभाळून, शेवाळ हाय."

टक्.

सत्तावीस.

"श्रावण, उतर."

फांद्यांवरचे पाणकावळे एकाच वेळी उडाले. पंखांचा आवाज मात्र मला आला नाही.

सव्वीस.

तीन नावं अजून. तीन वेळा टक्. मी पेन्सिलीने आकडे लिहीत होते आणि अक्षर माझं वाटत नव्हतं. सहावं नाव झालं तेव्हा पट्टी तेवीसवर होती.

आम्ही तिघं. बावीस यायला हवं होतं.

काकांनी सातवं नाव घेतलं नाही. ओट्यावरच्या वाळलेल्या चिखलात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

"काका, एक राहिलंय," मी म्हटलं.

"मले सहाच नावं ठाऊक हायेत."

"गावातले सगळे गेलेले तुम्हाला ठाऊक आहेत. तुम्हीच म्हणाला होतात सात."

"सहाच, बेटा."

ते माझ्याकडे पाहत नव्हते. बोटीच्या मागच्या बाकाकडे पाहत होते. तिथे फक्त लाईफ जॅकेटं होती.

सहा नावं माझ्या वहीत होती. तुळसाबाईंचं त्यात नव्हतं.

"काका, सोमवारी चाचणीचा कागद द्यायचा आहे," मी म्हटलं. "या बोटीत मुलं बसणार आहेत. एक माणूस मोजता येत नसेल तर मी सही कशी करू?"

"पोरायच्या बोटीत कोणी नाई राहणार," काका म्हणाले. "माझी जबान हाय." आणि त्यांनी इंजिन सुरू केलं.

परतताना वेग चोवीस. घसरण अठ्ठावीस टक्के. मधेच मी पुन्हा पालथी होऊन पट्टी वाचली, इंजिन मंद करायला लावून. तेवीस.

मी मागच्या बाकाकडे वळून पाहिलं नाही. सेवकरामही नाही.

धक्क्यावर पोचलो तेव्हा उजेड होता. आधी सेवकराम उतरला. मग मी. मी लगेच पट्टीसमोर उकिडवी बसले. दोघं उतरल्यावर एकवीस. बरोबर.

काका शेवटी उतरले. धक्क्यावर आले, वळले, आणि त्यांनी रिकाम्या बोटीकडे हात पुढे केला. म्हाताऱ्या माणसाला उतरताना देतात तसा.

काहीतरी पुटपुटले. एकच शब्द. मला ऐकू आला नाही.

मग हात तसाच, जरा बाजूला धरून ते पायवाटेने घराकडे चालू लागले. हळू. एरवी ते भरभर चालतात.

सेवकराम माझ्याकडे बघत होता. मी पाण्याकडे.

बोट रिकामी होती. शेवटचं एक जर बोटीवरच असेल, तर पट्टी वीस दाखवायला हवी. लाटा बसेपर्यंत थांबले. तीनदा वाचलं. सेवकरामलाही वाचायला लावलं. मग वहीत वेळ टाकली, सहा वाजून दहा मिनिटं, आणि आकडा लिहिला.

एकोणीस.