सुगंधाच्या मृत्युपत्राचे साक्षीदार

खऱ्या प्रेमाला मरणाचं भय नसतं. सोसायटीच्या सेक्रेटरीचं मात्र असतं, आणि मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कात तो नेमका खालच्याच मजल्यावर राहत होता.

शैलाला सुगंधा पहिल्यांदा भेटली ती नव्वद साली, पाण्याच्या टँकरमागे. शैला शाळेत शिक्षिका, भाड्याच्या खोलीत राहणारी. सुगंधा जवळच्याच मुर्धा गावची, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये एकटी.

"तुमचा हंडा माझ्या पुढे कसा आला?" शैलानं विचारलं.

"त्याला घाई असेल... मला नाही." सुगंधानं नळी शैलाच्या हंड्यात सोडली आणि तिच्याकडे बघत राहिली. हंडा भरला, पाणी पायांवर सांडलं...

"ओ मॅडम, ध्यान किधर है?" टँकरवाला ओरडला.

ध्यान कुठे होतं ते दोघींना कळलं होतं. महिन्याभरात शैलाची ट्रंक सुगंधाच्या घरी आली. बिल्डिंगनं त्यांना मैत्रिणी ठरवलं आणि फार खोलात गेली नाही.

त्याला चार वर्षं झाली. आज रविवार, आणि मंगळवारी सुगंधाच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन. टेबलावर मृत्युपत्र होतं. नवरा असता तर त्याला घर आपोआप मिळालं असतं. शैलाला कागदावाचून काहीच मिळणार नव्हतं. सुगंधाचे आई-वडील नव्हते. तिचं बरंवाईट झालं तर फ्लॅट भावाचा, धर्माजीचा, आणि शैला ट्रंकेसकट जिन्यात.

"मावसबहीण लिहायचं होतंस गं," शैला कुजबुजली.

"धर्माजी कोर्टात पहिलं तेच धरेल. मी खरं लिहिलंय."

"खरं म्हणजे... काय? आणि साक्षीला गोदूबाई? ती तुझ्या गावची. संध्याकाळपर्यंत धर्माजीला कळेल!"

"म्हणूनच तिला बोलावलंय. उद्या कुणी म्हणायला नको, शैलानं चोरून लिहून घेतलं." सुगंधानं तिच्या कपाळावरची बट मागे सारली. "घाबरलीस की काय गोड दिसतेस..."

"गप्प बस!"

बेल वाजली.

सेक्रेटरी लीलाधरभाई खुर्चीत बसले. मासेवाली गोदूबाई, त्यांच्या शाकाहारी नाकाची सोय म्हणून, पाटी बाहेर ठेवून उंबऱ्यातच टेकली. सुगंधानं मजकुरावर वर्तमानपत्र ठेवून दोघांसमोर सही केली.

"साक्षीदारानं वाचायची गरज नसते, लीलाधरभाई."

"अरे बेन, मी पोस्टाची पावती पण वाचून सही करतो." त्यांनी वर्तमानपत्र उचललं आणि मोठ्यानं वाचू लागले. "माझा फ्लॅट शैला हिला देत आहे. ही माझी कोण, तर... जिच्याबरोबर मी संसार केला ती."

शैलाचे कान तापले. चार वर्षांत सुगंधानं हे कधी तोंडानं म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, तेही सेक्रेटरीच्या आवाजात.

"संसार?" लीलाधरभाईंनी चष्मा काढला. "तो मियाँ-बिवीचा असतो... तो?"

"हो, तोच." सुगंधानं शैलाचा हात धरला. टेबलाखाली नाही, टेबलावर.

मग उंबऱ्यातून आवाज आला.

"त्यात काय झालं? चार वरसं मी येतंय हितं. एक घासाघीस करते, दुसरी मला चहा पाजते. संसार निराला असतो का? धर्माजीला मीच सांगते. वरडला तं वरडू दे. कुठं सही करू, दाखव."

गोदूबाईनं एकेक अक्षर जोर लावून काढलं. मग पेन लीलाधरभाईंपुढे आलं. त्यांनी चष्मा पुसला. परत पुसला. शैला त्या चष्म्याकडे बघत होती. शेवटी त्यांनी सही केली — पूर्ण नाव, फ्लॅट नंबर, तारखेसकट — आणि उठले.

दारात ते वळले. आजवर ते बोलायचे फक्त सुगंधाशी.

"शैलाबेन, आता तुम्ही पण घरवाले, म्हणून तुम्हालाच सांगतो..."

"सांगा ना," शैलाचे डोळे भरून आले.

"गॅलरीत कपडे वाळत घालता ना, जरा घट्ट पिळून घाला. खाली आमच्या पापडांवर पाणी पडतं."