बापूंना पत्ता कसा कळतो?

सकाळी दहाला हॉस्पिटलमधून फोन आला. मंगळवारचं ऑपरेशन पेशंटनं स्वतः कॅन्सल केलंय. आज पाचपर्यंत परत कन्फर्म झालं नाही तर तारीख दुसऱ्याला जाईल. पुरुषोत्तमनं फोन ठेवला आणि तडक स्वयंपाकघर गाठलं. त्याच्या बायकोच्या, सुमित्राच्या, हृदयाची झडप जेमतेम उघडत होती. ऑपरेशनशिवाय हा हिवाळा निघणार नाही, असं सर्जननं बजावलं होतं.

सुमित्रा मात्र शांतपणे मेथी निवडत होती. शरीराला सुरी लागू देऊ नकोस, असं बापूंनी सांगितलं होतं. बस्स, विषय संपला.

हे दूरच्या श्रूजबरी गावचे सिद्धपुरुष बापू कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. पण इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये, सुमित्रानं पत्त्यांच्या कॅटमधून ओढलेला पत्ता ते तिकडून फोनवर अचूक सांगायचे. थोरली बहीण सरला तीन वर्षांपूर्वी ऑपरेशनमध्येच गेली, तेव्हापासून सुमित्रा भेदरलेली. ज्याला पत्ता दिसतो त्याला माझं आयुष्यही दिसणार, हे तिनं मनाशी घट्ट धरलं होतं.

आणि गंमत बघा, पुरुषोत्तम स्वतः हौशी जादूगार! रिटायर झाल्यापासून लायब्ररीतली पुस्तकं आणून मनकवडेपणाचे पत्त्यांचे खेळ शिकत होता. निम्मे फसायचे. आता स्वतःच्या घरातला खेळ ओळखता येईना म्हणून त्याला स्वतःचीच चीड आली. खुर्ची ओढून त्यानं बायकोची उलटतपासणी सुरू केली.

"कॅट कुणाचा होता?"

"तुमचाच. नवाकोरा."

"ओढलेला पत्ता दरवेळी सगळ्यांना दाखवलास?"

"गेल्या रविवारी नव्हता दाखवला. त्या दिवशी बापू म्हणाले, आज मन गढूळ आहे, नको."

"फोन कोण लावतं?"

"प्रताप. नंबर त्याच्याकडेच आहे ना."

प्रताप म्हणजे तिचा धाकटा भाऊ, डॉक्टर. त्याच्यावर संशय तरी कसा घ्यायचा? ऑपरेशन करून घे ताई, असं सगळ्यांदेखत तोच सांगत होता.

"फोन लगेच लागतो?"

"बदामाच्या दुर्रीला लगेच बोलले. किलवरच्या राणीला मात्र प्रताप केवढा वेळ कानाला लावून उभा होता. पूजेत असतील."

पुरुषोत्तम चटकन उठला आणि त्यानं प्रतापला बोलावून घेतलं.

प्रताप यायला साडेचार वाजले. शेवटचं एकदा बापूंना विचारू, मग मी गप्प बसेन, असं पुरुषोत्तम म्हणाला. त्यानं पत्ते पसरले. सुमित्रानं एक ओढून दाखवला: इस्पिकचा राजा. प्रतापनं मोबाइल लावला आणि कानाशी धरून मुकाट उभा राहिला. पुरुषोत्तमनं मनात पाच आकडे मोजले, फोन हिसकावला आणि सुमित्राच्या कानाला लावला.

पलीकडे एक कंटाळलेला आवाज म्हणत होता, "छक्की... सत्ती... अठ्ठी..."

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बापू एक्क्यापासून मोजत जातात," पुरुषोत्तम म्हणाला. "आपला पत्ता आला की हा हॅलो म्हणतो. मग ते इस्पिक, बदाम, चौकट, किलवर म्हणतात. बरोबर जागी हा म्हणतो, ताईला देतो. म्हणून दुर्रीला झटपट आणि राणीला उशीर. यानं पत्ता पाहिलाच नाही, तेव्हा मन गढूळ. आज मोजणी लांबायला हवी होती, म्हणून राजा मीच तिच्या हाती सरकवला. तेवढा एक खेळ मला जमतो. बापू कोण आहे, प्रताप?"

"राजीव. कॉलेजातला मित्र." प्रताप मटकन खाली बसला. "सरलाताईला ऑपरेशन मीच हट्टानं करायला लावलं होतं, भाऊजी. डॉक्टर असून हिला नको कसं म्हणू? आणि हो म्हटलं की सरलाताई डोळ्यांपुढे येते. म्हणून नको म्हणायला बापू उभा केला."

त्याला ओरडावं, असं पुरुषोत्तमला फार वाटलं. पण घड्याळात पाचला दहा कमी होते.

"म्हणजे मी जगणार की नाही," सुमित्रा हळूच म्हणाली, "हे कुणालाच माहीत नाही."

"नाही," पुरुषोत्तम म्हणाला. त्याला रडू आवरेना.

तिनं मोबाइल भावापुढे धरला.

"प्रताप, हॉस्पिटलचा नंबर लाव," ती म्हणाली. "आणि तिकडून कुणी बोललं की लगेच मला दे."