परतकळ

रक्ततपासणीच्या रांगेत मंडळाच्या अध्यक्षांनी उभे राहण्याची गरज नव्हती, पण डॉ. मंजिरी कारखानीस दरवर्षी उभ्या राहत. नाशिकच्या जनुक-नियमन मंडळाच्या प्रयोगशाळेत दुरुस्त केलेल्या पेशींवर काम चाले. त्यातली एखादी पेशी नकळत कुणाच्या अंगात शिरली नाही ना, हे पाहायला शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचे रक्त घेतले जाई. नियम त्यांनीच लिहिलेला होता.

"मॅडम, यात रक्त आहे की नुसतं पथ्य?" सुई टोचताना प्रयोगशाळाप्रमुख डॉ. सलीम तडवी म्हणाले.

"पथ्यावरच जगलेय. जन्माचं यकृत बिघडलेलं. चाळिशी गाठणार नाही म्हणाले होते डॉक्टर. साठी उलटली."

"डाळीचा दाणा नाही, दुधाचा थेंब नाही. याला काय जगणं म्हणायचं?"

"ऋजुता, हा मला बोलतोय आणि तू ऐकून घेतेस?"

त्यांची मुलगी दाराशी उभी होती. ती कॉलेजात इतिहास शिकवायची. सुट्टी होती म्हणून आईला चष्म्याच्या दुकानात न्यायला आली होती. "सलीमकाका खरं तेच बोलतायत," ती म्हणाली.

दुकानात आईने अर्धे कपाट खाली उतरवले, प्रत्येक फ्रेम लावून पाहिली आणि शेवटी जुनीसारखीच घेतली. घरी येताना दोघी त्यावरून हसत होत्या.

दुसऱ्या दिवशी तडवींनी दोघींनाही बोलावले.

जनुकदुरुस्ती म्हणजे डीएनएच्या लांबलचक मजकुरातला एक चुकीचा शब्द बदलणे. पण त्या शब्दासोबत आणखी दोन गोष्टी जोडण्याची कायद्याने सक्ती होती. एक मुद्रा, प्रत्येक रुग्णाची वेगळी. दुसरी परतकळ: ठरावीक औषध दिले की ती दुरुस्त पेशी स्वतःलाच संपवते. दुरुस्तीतून पुढे काही भलते निघाले तर ती मागे घेता यावी, यासाठी.

"मॅडम, यंदा चाचणी पूर्वीपेक्षा बारीक आहे. तुमच्या रक्तात मुद्रा सापडली," तडवी म्हणाले. "ऋजुताची."

आईचा आजार ऋजुतातही उतरला होता. ती गर्भात असतानाच तिच्या पेशी दुरुस्त केल्या होत्या.

"गर्भाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात जातात," मंजिरीबाई सावकाश म्हणाल्या. "वर्षानुवर्षं टिकतात. आईचं शरीर त्यांना परकं मानत नाही."

"हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलंय. नियम करताना कुणालाच आठवलं नाही."

"परवाना तिच्या नावचा, पेशी माझ्या अंगात. म्हणजे गळती. औषध द्या."

"सूट देता येईल, मॅडम. मुलीच्याच पेशी आहेत, चोरीच्या नाहीत."

"अध्यक्षाला सूट दिली की उद्या प्रत्येक मंत्र्याचा मेहुणा तुमच्या दारात उभा राहील."

"किती आहेत या पेशी?" ऋजुताने विचारले.

"रक्तात अगदी नगण्य," तडवी म्हणाले. "त्या मरतील, थोडा ताप येईल, संपलं."

"आणि रक्ताबाहेर?"

तडवींनी मॅडमकडे पाहिले.

"नियमात रक्त मोजायचं म्हटलंय," मंजिरीबाई म्हणाल्या. "मोजमाप एकदा ठरवावं लागतं, बाळा. नाहीतर जो तो आपल्या सोयीचं मोजतो."

ऋजुता गप्प बसली. आईने सगळ्यांसमोर औषध घेतले.

ताप आलाच नाही. डोळे पिवळे झाले. मग आई बोलता बोलता शब्द विसरू लागली, मग माणसे. दुसरे यकृत मिळेपर्यंत ती थांबली नाही.

शवविच्छेदनानंतर तडवी घरी आले.

"त्या आजारात यकृताच्या पेशी स्वतःच्याच विषाने मरत राहतात," ते म्हणाले. "तुझ्या पेशींना ते विष होत नव्हतं. मोकळी झालेली जागा त्या भरत गेल्या. मॅडमच्या यकृतात मॅडमची स्वतःची पेशी शोधावी लागली, ऋजुता. ते सगळं तुझं होतं. यकृताच्या पेशी रक्तात फिरत नाहीत, म्हणून आम्हाला दिसलं नाही."

"मग पथ्य?"

"त्याचा काही संबंध नव्हता."

"म्हणजे ती डाळ खाऊ शकली असती?"

"तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून. पोटभर."

पुढच्या महिन्यात मंडळाने शोकसभा घेतली. तडवी ऋजुताच्या शेजारी बसले होते. नवे अध्यक्ष डॉ. हर्डीकर चौकशीचा निष्कर्ष सांगू लागले. परतकळेने अचूक काम केले होते. मॅडमच्या मूळ पेशींना औषधाची कोणतीही इजा झालेली नव्हती. मृत्यू जन्मजात आजाराने झाला होता. मात्र गळतीचा मार्ग आता कळला होता. तेव्हा गर्भात दुरुस्ती झालेल्या प्रत्येक मुलाच्या आईचे रक्त तपासले जाईल, आणि मुद्रा सापडेल तिथे औषध देण्यात येईल.

तडवी उठले. "साहेब, ज्या आयांना मुलाचाच आजार आहे, त्यांचंही यकृत असंच भरलेलं असणार. त्या मरतील."

"खुद्द मॅडमनी सूट घेतली नाही," हर्डीकर हळुवारपणे म्हणाले. "मग आपण ती कोणत्या तोंडाने द्यायची?"

सभागृहात माना हलल्या. नियमाला मॅडमचे नाव द्यावे, असे मागून कुणीतरी सुचवले. तडवी खाली बसले.

ऋजुताला मंचावर बोलावून शाल पांघरवली, हातात नारळ दिला. आईबद्दल दोन शब्द बोला, म्हणाले. समोर आईचे सगळे सहकारी होते, डोळे पुसत होते. आईसमोर जन्मात उच्चारले नव्हते ते वाक्य तिच्या तोंडात होते, आणि ते ऐकून इथे काहीही बदलणार नाही हे तिला दिसत होते. तिने नारळ खाली ठेवला.

"त्या बायांना औषध देऊ नका," ती म्हणाली. "माझी आई चुकली होती."