ओला रुमाल

मे महिन्यातल्या त्या दिवशी झरीच्या बन्सीधररावांनी दोन कामं काढली होती. कूलरमध्ये पाणी भरायचं आणि शेतात ढीग लावलेल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवायच्या. दोन्ही साधीच. पण या माणसाच्या हाती आलेलं साधं काम दुसऱ्याच्या जिवावर उठायचं. 'राव'सुद्धा त्यांचं त्यांनीच लावून घेतलेलं, गाव फक्त तोंडावर म्हणायचं.

कूलर त्यांनी मागच्या खिडकीत, शेताकडे पाठ करून बसवला होता. गल्लीतली हवा दहा जणांच्या श्वासाची, उष्टी, असं ते नाक मुरडून सांगत. शेतातली हवा तेवढी चोख, आपल्या मालकीची. ती नात रेणुकासाठी. सहा वर्षांची पोर, छातीने नाजूक. थंडीत धूर आणि धूळ खाली बसली की तिला परभणीला नेऊन वाफ द्यावी लागे. तिच्यापुढे म्हातारा विरघळायचा. बाकीचं जग त्याच्या लेखी पायपुसणं होतं.

कूलर भरून, सुरू करून, रेणुकाला त्याच्यासमोर निजवून ते शेतात गेले. ऊन डोक्यावर आलं होतं. पलीकडच्या वस्तीतली सत्यशीला बांधावर येऊन उभी राहिली.

"काका, वारं आमच्याकडं हाय. सांजच्याला पडंल. तवर थांबा."

"वाऱ्याला इचारून शेती करू का मी?"

"मागल्या साली आमचे आबाबी ह्येच सांगाय आले होते."

आले होते खरे. तिचा बाप नागनाथ, दम्याचा माणूस, तोंडाला ओला रुमाल बांधून याच बांधावर धापा टाकत उभा होता. ट्रॅक्टरनं मोडून मातीत घाला मालक, न्हाईतर वारा तरी फिरू द्या, एवढंच म्हणाला होता. बन्सीधरराव हसले होते. "हवा काय तुझ्या नावावर हाय का?" ट्रॅक्टर दारात होता, पण त्याला डिझेल लागतं. काडीला काय लागतं? त्यांनी ती ओढली आणि आठवडाभरात नागनाथ गेला. दमेकरी होता, आज ना उद्या जायचाच, असं हे गृहस्थ चहा फुंकत म्हणाले होते. असल्या माणसाची कीवसुद्धा करवत नाही.

यंदाही त्यांनी काडी ओढली.

पऱ्हाट्या तडतडल्या, धूर उठला. लिंबाच्या फांद्या वस्तीकडे झुकत होत्या, बन्सीधररावांच्या धोतराचा सोगाही तिकडेच फडफडत होता. धूर मात्र हलेना. माणसाएवढा उंच झाला आणि तिथेच थांबला. मग सावकाश वळला आणि भर वाऱ्याच्या तोंडावर, घराच्या दिशेने निघाला.

"काका..." सत्यशीला हळूच म्हणाली. "त्यो चालायलाय..."

बन्सीधररावांनी थुंकून तिच्याकडे पाठ फिरवली. तेव्हा त्यांना दिसलं. धूर मागच्या खिडकीशी पोचला होता आणि कूलरच्या जाळीतून आत शिरत होता. आत रेणुका झोपली होती. म्हातारा धावत सुटला.

ओसरीवर त्यांची बायको कमलबाई पदराने वारा घेत बसली होती. आतून आवाज येत होता. घर्र... मग थांबून, ओढून, पुन्हा घर्र...

"कूलर बंद कर आधी!"

"लाईट मघाच गेली. बंदच हाय की त्यो..." कमलबाई त्यांच्याकडे बघत राहिली. ती घरघर तिला ऐकूच येत नव्हती.

खोलीत धूर दाटला होता. जळक्या पऱ्हाट्यांचा वास, आणि त्यात ओल्या कापडाचा. बन्सीधररावांनी चाचपडत कूलरची पिन उपसली. आवाज थांबला. हळूहळू खाट दिसली. रेणुका उठून बसली होती. तिच्या नाकातोंडावर विटका ओला रुमाल बांधलेला होता आणि ती अगदी सुखाने श्वास घेत होती.

रुमाल त्यांनी ओळखला होता.

"कुणी... बांधला ह्यो?"

"त्या आबांनी. धूर हाय तवर सोडू नको म्हणले." तिने कूलरकडे बोट केलं. "मी म्हणलं, आमच्या आजोबांनाबी एक द्या..."

"मग?"

"एकच हाय म्हणले."

बन्सीधररावांनी बोलायला श्वास घेतला. तो अर्ध्यावर अडला आणि छातीत बारीक शिट्टी वाजली. धूर खिडकीतून निघून गेला होता. पिन अजून त्यांच्या हातात होती, आणि पाठीमागे कूलर पुन्हा सुरू झाला.