नऊ सेकंदांचा विराम

न सोललेलं संत्रं पाण्यावर तरंगलं, सोललेलं सरळ तळाला गेलं, तेव्हा कोळेवाडीच्या शाळेतल्या पाचवीच्या पोरांनी एकच गिल्ला केला. फळ्याच्या वर बसवलेल्या पांढऱ्या डबीतून शांत आवाज आला, "सालीत असं काय आहे, जे गरात नाही?" डबीवरचा दिवा लाल झाला. तो हिरवा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. पोरं ओठ मिटून टोपलीभर सालींकडं बघत बसली.

या डबीचं नाव पृच्छक. मुलं काय बोलतात ते ती ऐकायची आणि त्यावरून पुढचा प्रश्न काढायची. उत्तर मात्र तिच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी ती राज्यातल्या वर्गावर्गात आली आणि तयार उत्तरांची गाईडं खपेनात म्हणून ती विकणाऱ्यांनी दुकानात खेळणी मांडली. सगळे खूश होते.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या स्मिता कणसे बाईंच्या अंगाचा मात्र तिळपापड होत होता. तो प्रश्न त्यांचा होता. 'असं काय आहे, जे' ही मोडणी त्यांची, शेवटचा शब्द किंचित वर उचलायची सवय त्यांची. गळा तेवढा कुणा गोड आवाजाच्या मुलीचा होता.

चौदा वर्षांपूर्वी बाई पांढरेवाडीच्या शाळेत होत्या. तेव्हा राजीव वाघोलीकर नावाचा एक संशोधक दोन महिने त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायचा. बाई प्रश्न कसे विचारतात, ते त्यानं रोज ध्वनिमुद्रित केलं. दुपारी बाईंच्याच डब्यातली भाकरी खाल्ली. आणि परत जाऊन अहवाल लिहिला की, शिक्षिका प्रश्न विचारून नुसती उभी राहते, वर्गात काही घडत नाही, तयारीचा अभाव दिसतो. केंद्राच्या बैठकीत चाळीस शिक्षकांपुढं तो मोठ्यानं वाचला गेला. बाईंची बदली घाटापलीकडच्या एकशिक्षकी शाळेत झाली, आणि 'मुक्या बाई' हे नाव त्यांच्याआधी तिथं जाऊन पोचलं. कोळेवाडीला येईपर्यंत अकरा वर्षं त्यांनी ते ऐकलं. बाजारात भाजी घेतानासुद्धा ऐकलं.

आता तोच वाघोलीकर मोठा माणूस झाला होता. त्या मुद्रणांवर त्यानं पृच्छक घडवला होता, आणि ज्या गप्प राहण्याबद्दल बाईंना वेशीबाहेर घालवलं, त्यालाच 'विचारविराम' असं भारदस्त नाव देऊन देशभर हार गळ्यात घालून घेतले होते. हे प्रश्न आपले आहेत, असे बाईंनी तीन अर्ज केले. तिन्हींना एकच उत्तर आलं: पुरावा सादर करावा. मग एक दिवस पत्र आलं की, पुढच्या महिन्यात डॉ. वाघोलीकर परदेशी पाहुण्यांना प्रात्यक्षिक दाखवायला कोळेवाडीच्याच शाळेत येणार आहेत. त्या रात्री बाई कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या. आता चौथा अर्ज नको; त्याला चारचौघांत तोंड लपवायला जागा उरू द्यायची नाही, एवढंच त्यांना आता हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना डबीखालची पाटी वाचायला लावली. 'विचारविराम: प्रत्येक मुलाच्या श्वासावरून आणि नजरेवरून स्वतंत्रपणे ठरणारा.'

"खरं असेल का रे हे?" बाईंनी विचारलं.

"मोजल्याबिगार कसं कळंल?" नक्षत्रा गायकवाड म्हणाली. ही मुलगी हट्टी होती. मुंगीला सहा पाय असतात हे पुस्तकात वाचूनही तिनं भिंग लावून अकरा मुंग्यांचे पाय मोजले होते. "दिवा लाल झाला की घड्याळ चालू, हिरवा झाला की बंद."

आठवडाभर पोरांनी मोजमाप केलं. झटकन उत्तर देणारा ओंकार बसवला, डुलक्या काढणारा समर्थ बसवला, धापा टाकत आलेली मुलं बसवली. शेवटी कुणीतरी शेळी आणून बाकावर उभी केली. पृच्छकानं तिलाही सालीबद्दल विचारलं आणि तिच्यासाठीही दिवा नऊच सेकंद लाल ठेवला.

"बाई, हे तर कुणाकडंच बघत न्हाई," नक्षत्रा म्हणाली. "मग हा नऊचा आकडा आला कुठनं?"

"यंत्र प्रश्न विचारायला कुणाकडून शिकलं असेल?"

"माणसाकडनं."

"मग ते माणूस नऊच सेकंद का थांबत असेल?"

पाणी पीत असेल, अडखळत असेल, मनात आकडे मोजत असेल, असे नाना तर्क निघाले. बाईंनी सगळे फळ्यावर लिहून घेतले आणि म्हणाल्या, "शनिवारी पांढरेवाडीला सहल काढू." पोरं सहलीच्या आनंदात डबा काय आणायचा ते ठरवू लागली.

पांढरेवाडीच्या शाळेला लागून खडीचा क्रशर आहे. वरचं दार उघडतं, दगड लोखंडी जबड्यात कोसळतात आणि असा गडगडाट उठतो की, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग थोडा वेळ शांत, मग पुन्हा दगड. पोरांनी कानावर हात ठेवले. नक्षत्रानं मात्र घड्याळ काढलं होतं. पाच वेळा मोजून ती पळत आली. "बाई, गडगडाट नऊ सेकंद! दर खेपेला नऊ!"

बाईंना ते वीस वर्षांपासून ठाऊक होतं. दार उघडायच्या बेतात प्रश्न टाकायचा, म्हणजे गडगडाट थांबेपर्यंत कुणाला घाईनं काही ओरडता येत नाही आणि पोरांना झक मारत विचार करावा लागतो, ही त्यांचीच युक्ती. पण त्या एवढंच म्हणाल्या, "इथल्या वर्गातलं बोलणं कुणी मुद्रित केलं आणि नंतर त्यातून क्रशरचा आवाज तेवढा गाळून टाकला, तर काय उरेल?"

"नुसतं गप्प बसणं," ओंकार म्हणाला.

"आणि या शाळेत पूर्वी कोण कोण येऊन गेलं, ते कसं कळेल?"

नक्षत्रानं मुख्याध्यापकांकडं शेरेबही मागितली. आलेल्या पाहुण्यानं आपला अभिप्राय लिहून सही करायची ती वही. जुन्या वह्यांच्या चळतीतून तासाभरानं ते पान सापडलं. पोरांनी त्याचा फोटो घेतला. बाई तेवढा वेळ व्हरांड्यातच उभ्या राहिल्या.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी वाघोलीकर रेशमी जाकीट घालून आला. बाईंना त्यानं ओळखलं नाही. पाहुण्यांना त्यानं सांगितलं की, मुलाच्या मनाला विचारासाठी नेमका किती वेळ लागतो, हे आपल्या संस्थेनं प्रथमच शोधून काढलं. मग पोरांकडं वळून मोठ्या कौतुकानं म्हणाला, "विचारा बाळांनो, काहीही विचारा."

नक्षत्रा उठली. तिनं मोजमापाचा तक्ता भिंतीवर लावला आणि शेळीसकट सगळे आकडे सांगितले. शेळीपाशी पाहुणे हसले. वाघोलीकरही हसला. मग तिनं फोटो काढून वाचायला सुरुवात केली. "शिक्षिका स्मिता कणसे यांच्या वर्गातील प्रश्नांचे ध्वनिमुद्रण केले. प्रत्येक प्रश्नानंतर क्रशरच्या आवाजाचा व्यत्यय येतो. तो नंतर गाळावा लागेल. सही, राजीव वाघोलीकर." तिनं मान वर केली. "साहेब, तुमाला आवाज ऐकू आला व्हता. मग तुमी शोधलं काय?"

वाघोलीकरनं तोंड उघडलं आणि मिटलं. सवयीनं पोरं मनात मोजू लागली. नऊ झाले, वीस झाले, चाळीस झाले. दुभाष्यानं पाहुण्यांच्या कानात सगळं सांगून संपवलं, तरी तो उभाच होता. तेव्हा कुठं त्याची नजर बाईंवर गेली आणि त्यानं त्यांना ओळखलं. बाईंनी नजर हलवली नाही. मन भरेपर्यंत त्यांनी त्याच्याकडं पाहून घेतलं.

दुपारी गाड्या निघून गेल्या. पृच्छकाची चौकशी होईपर्यंत डब्या बंद ठेवा, असा वरून निरोप आला. पोरांनी अंगणात धुडगूस घातला. बाईंना आनंद झाला होता, आणि तो त्यांनी लपवला नाही. पेढे आणायला त्यांनी समर्थला पिटाळलं. नक्षत्रा मात्र वर्गातच तक्त्यासमोर बसून होती.

"काय गं? जिंकलीस की तू."

"बाई, तुमी त्या शाळंत व्हता. क्रशरचं तुमाला ठाऊक व्हतं. वहीतल्या पानाचंबी ठाऊक व्हतं."

बाई तिच्याजवळ खाली बसल्या. "हो."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही ते शोधलं नसतं. मी कधी उत्तर सांगते का?"

नक्षत्रानं तक्त्यावरच्या नऊच्या रांगेवरून बोट फिरवलं. बाहेर पेढ्यांचा पुडा आला होता आणि पोरं बाईंना हाका मारत होती.

"बाई," ती म्हणाली, "आमचं उत्तर दुसरंच काही आलं असतं, तर तुमी ते घेतलं असतं का?"